घंटेतला कापूस

"वेग तसाच ठेवून दुखणं तेवढं थांबेल, असं काही आहे का, सर?"

शर्मिष्ठा बोंद्रे हिने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. ती जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. उजव्या मनगटाला पट्टा होता. समोर तिचे जुने गुरू, चौबळ सर. मिरजेतली त्यांची टंकलेखन संस्था बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. टंकयंत्रं भंगारात गेली. एक तेवढं त्यांच्या घरी खिडकीपाशी कापडाखाली उरलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दर अर्ध्या तासाला हात उचला. मनगट सरळ ठेवा. खुर्ची वर घ्या." ती हसली. "साहेब निकालपत्र सांगत असताना मी खुर्ची वर-खाली करत बसू?"

"आणि नाही केलंस तर?"

"तर..." तिने मनगटाकडे पाहण्याचं टाळलं. "हाताची पकड परत येईलच असं नाही, म्हणाले. चहाचा कप आताच डाव्या हाताने उचलते. पण सोमवारी वेगाची परीक्षा आहे, बढती तिच्यावरच आहे. इंजेक्शन घेऊन बसेन. मग विश्रांती."

"दुखायला कधी लागलं?"

"दीड वर्ष झालं."

"तेव्हा थांबली नाहीस."

"तेव्हा फारसं दुखत नव्हतं, सर."

"मग आता थांब."

"आता थांबून काय उपयोग?"



सर उठले. यंत्रावरचं कापड काढलं, कागद चढवला.

"एक ओळ कर. सावकाश."

तिने ओळ केली. शेवटाला कागद धरणारं सरकतं कॅरेज अडलं, तसा तिचा डावा हात सवयीने दांडीकडे गेला आणि कॅरेज मागे सरकलं.

"उजवा हात कुठे होता?"

"उजवा?" ती गोंधळली. "उजव्याला तेव्हा काम नसतं. तेवढा वेळ तो रिकामा."

"संगणकावर?"

"तिथे ओळ आपोआप खाली उतरते. हात उचलावाच लागत नाही. म्हणून तर वेग..."

ती थांबली.

"घंटा वाजली नाही," सर म्हणाले.

"कशी वाजेल? हे माझंच यंत्र ना?" तिचा चेहरा उजळला. "ओळ संपत आली की घंटा व्हायची आणि माझी बोटं क्षणभर अडखळायची. तुम्हीच घंटेत कापूस कोंबलात. म्हणालात, थांबायची खोड मोडली पाहिजे. त्या वर्षी मी राज्यात पहिली आले. पेढे तुम्ही वाटलेत, माझ्या बाबांनी नाही!"

सरांनी यंत्रामागे बोट घातलं. काळपट बोळा बाहेर आला. तो तळहातावर घेऊन ते उभे राहिले...

"टाकून द्या ना, सर. घाण आहे."

त्यांनी तो टाकला नाही. खिशात ठेवला.

"तुमच्यामुळे मी इथवर आले," ती म्हणाली. "सोमवारी तुमचंच नाव राखायचंय मला."

सर सत्तरीपलीकडचे. खुर्चीच्या कडेला धरून ते तिच्यापुढे जमिनीवर बसले. ती घाईने उठू लागली. त्यांनी हाताने तिला बसवलं. मनगटाचा पट्टा सोडला. हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मूठ मिट."

बोटं अर्ध्यावर आली. तिथेच राहिली.

"थांबायचं ते दुखल्यावर नाही गं," सर हळू म्हणाले. "सगळं छान चाललेलं असतं ना, तेव्हा. मला हे ठाऊक नव्हतं... आणि मी कुणाला विचारलंही नाही."

"सर, उठा हो. असं खाली काय बसता? सोमवारचं सांगा."

त्यांनी तिची बोटं एकेक करून सरळ केली आणि हात तिच्या मांडीवर ठेवला.

"तू माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होतीस," सर म्हणाले. "मला क्षमा कर."