त्यातली आजारी कुठली?

“पण त्यातली आजारी कुठली, तेवढंच सांगा बुवा.”

मायाप्पा पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. गेनूबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मायाप्पाला असं विचारायची सवय नव्हती. माळावरचे मेंढपाळ त्यालाच विचारायला येत. मेंढी नुसती चालताना पाहून तिच्या पोटात काय चाललंय ते तो सांगायचा, आणि सांगताना मिशीवरून हात फिरवायला विसरायचा नाही. पण यंदा त्याच्या कळपातल्या मेंढ्या एकामागून एक गाभ टाकत होत्या. घरी बायको, हौसा, पोटुशी. मेलेलं कोकरू उचललं की त्याला हौसाचं पोट आठवायचं.

“तुला काय वाटतंय?” बुवांनी विचारलं.

“सगळ्या चरत्यात. रवंथ करत्यात. लोकर बघा, कशी चमकतीया. एक लंगडतीया, तिला बाजूला काढलीय.”

“का लंगडती?”

“खुरात खडा रुतलाय.”

“मग ती न्हवं.”

बुवांना ठाऊक आहे पण सांगत नाहीत, असं वाटून मायाप्पाला थोडा राग आला. तरी त्यानं आणलेला दुधाचा तांब्या पुढे केला.

“आत्ताच काढलंय. आधी तुमी घ्या. उरलेलं न तापवता असंच हौसाला नेतो. पोटातल्या लेकराला ताकद यील.”

बुवांनी तांब्या घेतला नाही. मायाप्पाचं मनगट धरलं... आणि धरूनच ठेवलं.

“ताप कवापासनं हाय?”

“ताप?” मायाप्पा हसला. “त्यो येतो न् जातो. सांजच्याला चढतो, रातीला घाम येऊन उतरतो. कंबर धरलीया जरा. उन्हाचं हाय.”

“मेंढरं बी तुझ्यासंगं उन्हातच असत्यात. त्यास्नी न्हाई येत?”

“न्हाई. त्यास्नी काय...”

वाक्य तिथंच राहिलं. मायाप्पा आपल्या हातांकडे बघू लागला. याच हातांनी त्यानं अडलेली कोकरं ओढून काढली होती, मेलेली उचलली होती, मागून पडलेली वार गोळा करून कुत्र्यांपुढे टाकली होती. आणि धोतराला हात पुसून भाकरीही खाल्ली होती.

“म्हंजी माझा ताप... त्यांचा हाय?”

“तालुक्याला जाऊन रक्त तपासून घे. आधी तुझं आन् हौसाचं, मग मेंढरांचं. हे दुखणं मेंढीच्या तोंडावर दिसत न्हाई.”

मायाप्पानं मान डोलावली. तरी खोड जाईना.

“पण हे दूध ज्या मेंढीचं, ती चांगली हाय बुवा. माझी नजर...”

बुवांनी दुसऱ्या हातानं तांब्याकडे बोट दाखवलं.

मायाप्पा तांब्यात डोकावला. दूध पांढरंशुभ्र होतं, वर फेस होता, वासही चांगला होता. यात काही आहे की नाही, हे जाणून घ्यायची जितकी ओढ त्याला आता लागली, तितकी आयुष्यात कशाचीच लागली नव्हती. त्यानं तांब्या हलवून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. हौसाचं लेकरू त्या उत्तरावर अवलंबून होतं, आणि उत्तर काही दिसत नव्हतं.

“मला... कळत न्हाई, बुवा.”

हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

बुवांनी मनगट सोडलं.

“मग आता चूल पेटव.”