खांबाची मान

“पण मामा, खांब मजबूत असण्यात चूक काय?”

निनादने हे तिसऱ्यांदा विचारलं. केंजळेमामा खांबाचं बूड न्याहाळत होते.

धावपट्टीच्या अलीकडे नऊशे मीटर, दर तीस मीटरला एक, असे दिव्यांचे तीस खांब. धुक्यातून उतरणाऱ्या वैमानिकाला हीच काय ती वाट. उद्या सकाळी तपासणी होती, आणि मामांच्या सहीवाचून दिवे लागणार नव्हते. मामांची उमर या दिव्यांत गेलेली. निनाद इंजिनिअर खरा, पण पाना धरायला शिकवला तो मामांनीच.

मागच्या महिन्यात वादळात सहा खांब बुडातून मोडले. ‘साहेबांचे खांब झोपले’ म्हणून सगळा विमानतळ हसला. पोराच्या ते इतकं जिव्हारी लागलं, की त्याने तीसही खांबांना बुडाशी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. अंतर, उंची, रांग, केसाचाही फरक नाही. आता हत्तीने धडक दिली तरी हलायचे नाहीत. आणि म्हाताऱ्याचं आपलं एकच, सही नाही म्हणजे नाही!

मामा उकिडवे बसले. खांब बुडाशी जिथे मुद्दाम नाजूक ठेवतात, त्या सांध्याला तळावरची माणसं मान म्हणतात. मामांनी तिथल्या वेल्डवरून अंगठा फिरवला.

“हिला काय केलंस?”

“ताठ केली,” निनाद म्हणाला.

मामा उठले. वीस पावलं मागे गेले. दोन्ही हात पसरले, अंग वाकवलं आणि भलत्याच वेगाने थेट खांबावर आले. खांदा खाडकन आदळला. खांब जागचा हलला नाही. मामा मात्र खाली बसले.

निनाद धावला, खांदा चाचपू लागला. या वयात हे काय खूळ, म्हणून रागावलाही. मामांनी त्याचा हात धरून ठेवला.

“विमान जरा खाली आलं, तर कुणाची मान मोडायची?”

निनादने वाकून त्या वेल्डवरून अंगठा फिरवला.

मग त्याने स्वतःच ग्राइंडर आणला. एकेक पट्टी कापत निघाला. मामा खांदा चोळत त्याच्यासोबत खांबाखांबाला थांबत होते. दहाव्या खांबाशी निनादने मान वर न करताच विचारलं, “परत वादळ आलं, परत पडले, तर?”

मामांनी त्याच्या केसांतला लोखंडाचा कीस झटकला.

“पडू दे, बाळा. खांब परत उभा करता येतो.”