नाव नसलेली काशाची वाटी

एका गावात एक तरुण आई राहत होती, आणि तिच्यासोबत तिच्या छप्पन्न काळज्या. लेक शिंकली की हिचा जीव खालीवर. लेक शांत निजली, तर त्याची वेगळी काळजी.

त्या वर्षी गावाने देवळासाठी नवी घंटा ओतायची ठरवली. घरटी एक जुनं भांडं ओताऱ्याकडे द्यायचं, सगळी वितळवून त्यांची घंटा. आईने फळी धुंडाळली. प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. लग्नात आलेलं काशाचं ताट तर तिच्याच नावाचं. ते ती रोज पुसायची, त्यात जेवली मात्र कधीच नव्हती. बिननावाची एकच वस्तू निघाली. माहेरून आलेली, तळाला झिजलेली काशाची वाटी.

"ही कुणाच्या कामाची?" म्हणत तिने ती देऊन टाकली.

चौथ्या दिवशी लेकीला ऊन बाधलं. तळपाय तापले, रडं थांबेना.

"तुझी आई काय करायची गं अशा वेळी?" सासूबाईंनी विचारलं.

"तळपायाला तूप लावून काशाची वाटी..." बोलता बोलता ती थांबली. लहानपणची दुपार आठवली. पायावर गोल गोल फिरणारी वाटी आणि प्रत्येक फेऱ्याला आईने पुटपुटलेलं "राम, राम."

"मग आण की वाटी!"

"ती मी... देवाला दिली."

"अगंबाई! मोठी दानशूर!"

लेकीला सासूबाईंजवळ ठेवून ती धावत सुटली. आई म्हणून आपण नापासच, असं स्वतःला बजावत ती ओताऱ्याच्या दारात पोचली. भट्टी पेटली होती.

"या बाई! सगळ्या गावाने पितळच दिलंय. तुमची वाटी तेवढी काशाची." म्हाताऱ्या ओताऱ्याने वाटीवर टिचकी मारली. ती गोड झणकारली. "घंटेला आवाज हीच देणार. शेवटी टाकायला जपून ठेवलीय."

लेक फार आजारी आहे असं सांगितलं, तर तो लगेच देईल. तिच्या ओठांवर आलंही. पण तिने गिळलं.

"बाबा, खरं सांगते. नको होती म्हणून दिली. देवाच्या नावाने अडगळ काढली. याच वाटीने माझ्या आईने माझे पाय घासले, ते आज आठवलं. परत मागितली तर पाप लागेल का हो?"

ओताऱ्याने झिजलेल्या तळावर अंगठा फिरवला.

"हा तळ झिजायला किती दुपारी लागल्या असतील, पोरी! घंटा देवाला जागं करते, ही लेकराला निजवते. दोन्ही देवाचीच कामं. ने. पण माझ्या घंटेचं काय?"

"आलेच!"

ती लग्नातलं काशाचं ताट घेऊन परतली.

"यावरचं नाव जाईल हं."

"जाऊ दे, बाबा."

घरी येऊन तिने लेकीच्या तळपायाला तूप लावलं. वाटी गोल गोल फिरू लागली, आणि "राम, राम" आपोआप ओठांवर आलं. पाय निवले. रडं थांबलं. लेक शांत निजली, आणि आईला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली नाही.

तात्पर्य: देव्हाऱ्याबाहेरही देव असतो. घरातली जी वस्तू मायेने झिजली, तिला अडगळ म्हणण्याआधी एकदा हातात घेऊन पाहावं.