कडजाईच्या घंटेवरचे गोंदण

कडजाईच्या टेकडीवरल्या देवळाला दार नाही. मंडपाच्या तुळईला पितळेची घंटा टांगली आहे, तिच्याभोवती ना जाळी, ना साखळी. नवखा माणूस ती वाजवायला हात उचलतो, तेव्हा इथले गुरव आबा त्याला थांबवतात. "आधी हात फिरवा, पाव्हणं. मग वाजवा." हात फिरवला की बोटांना बारीक ठिपके लागतात. कुठे तुळस, कुठे चंद्रकोर, कुठे विंचू. बायकांच्या मनगटावर असते तसले गोंदण. घंटेला गोंदण कशाला, असे विचारले की आबा मंडपातल्या जुन्या सागवानी बाकावर बसतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथली घंटा चोरीला गेली. तेव्हा देवीची पूजा तान्हुबाई आणि तिचा नवरा करत. देवळामागेच त्यांचे खोपटे होते. कुलूप घातले की राखण झाली, असे मानणारे तेव्हाही होते. पाटलाने नवी घंटा आणली, मंडपाला भक्कम दार केले आणि किल्ली आपल्या कमरेला लावली. लोक बाहेरूनच हात जोडू लागले. पण बंद दाराला हात जोडायला टेकडी कोण चढणार? वाट गवताने बुजली. ओस पडलेल्या टेकडीवर चोरांना कसली घाई? नवराबायको बाजाराला गेलेली पाहून त्यांनी म्हणे देवळात बसून निवांत भाकरी खाल्ली आणि जाताना घंटेबरोबर कुलूपही नेले.

पाटील संतापला. आता घंटा तुम्हीच आणा, म्हणाला, आणि तीही गेली तर देवीची सेवा सोडायची, खोपटेही सोडायचे. तान्हुबाईला खोपट्याचे दुःख नव्हते. तिची एकुलती लेक मैना घाटाखाली दिलेली. आईबाप या टेकडीवर आहेत, एवढेच तिला ठाऊक. इथून उठलो तर पोरीने माहेर म्हणून यायचे कुठे?

तान्हुबाई घरोघर फिरली. द्यायला जादा पितळ कुणाकडे नव्हते. मग तिने सासरी गेलेल्या पोरींची पितळी भातुकली मागितली. "पोरी गेल्या. ती बोळकी कुणासाठी पुसून ठेवतेस गं?" असे तिने विचारले की समोरची बाई उठून फडताळ उघडी. तान्हुबाईने मैनेची इवलीशी पातेली सगळ्यात शेवटी भट्टीत टाकली.

घंटा ओतून झाली. कुणाचे पितळ कुठे गेले, काही कळेना. तेव्हा तान्हुबाईने ओताऱ्याला सांगितले, प्रत्येक पोरीच्या हातावरचे गोंदण हिच्यावर काढ. ओतारी हसला. "घंटेचं लगीन ठरलंय का, वैनी?" पण आया येऊन त्याच्यापाशी बसल्या. कुणालाही लेकीचा हात आठवावा लागला नाही. मैनेचा विंचू काढताना तान्हुबाईने नांगीचा एक ठिपका जरा बाजूला दाखवला. ओतारी म्हणाला, चुकीचा पडेल.

"तितंच पाड. सुई टोचली तवा पोरीनं हात वढला हुता."

आता बायका लेकींचा हात धरायला टेकडी चढू लागल्या. वाट मोकळी झाली. तरी एकदा सुगीत, सारा गाव रानात असताना, चोराने डाव साधला. घंटा गेली. तान्हुबाई बोचके बांधू लागली.

इकडे घाटाखालच्या बाजारात चोराने ती घंटा मोडीत घालायला काढली. भांडेवाला हातोडा घेऊन बसला. त्याच दुकानात मैना कळशीचे भोक बुजवायला आली होती. तिला ठिपके दिसले. विंचू कितीतरी जणींच्या हातावर असतो, पण त्या विंचवाचा ठिपका बाजूला पडला होता. तिने आपले मनगट शेजारी लावून पाहिले आणि घंटेला मिठी मारून बसली. भांडेवाल्याने तिला दटावले.

ती म्हणाली, "घाला घाव. पण हा माझा हात हाय."

भांडेवाल्याने हातोडा खाली ठेवला. घाटावरून तिकडे दिलेल्या आणखी बायका गोळा झाल्या. एकेकीला आपापला हात सापडला. त्या गर्दीत चोर कधी सटकला, कुणी पाहिलेच नाही.

तान्हुबाई डोक्यावर बोचके घेऊन नवऱ्यामागून शेवटची पायरी उतरत होती, तोच वळणावर घंटा वाजली. बैलाच्या पाठीवर बांधलेली, त्याच्या पावलागणिक वाजणारी. शेजारून मैना चालत होती.

"आई, मी माह्येराला आले, आन् तू कुटं निघालीस?"

तान्हुबाईने बोचके खाली ठेवले.

पाटलाने दार स्वतःच्या हाताने उतरवले, असे सांगतात. त्याच फळ्यांच्या बाकावर आबा बसलेले असतात.

आजही लग्न ठरलेली मुलगी ही टेकडी चढते आणि घंटेवर आपली खूण पाडून घेते. अलीकडे पोरी गोंदून घेत नाहीत. मग त्या मनाला येईल ते चित्र सांगतात. मागे एकीने सायकल काढून घेतली. मैनेचा विंचू मात्र इतक्या हातांखाली झिजला आहे की दर नवरात्रात त्याचा एक ठिपका पुन्हा पाडावा लागतो. तो पाडतात तिथेच, जरा बाजूला.