तळ्याची राखण

“...पण मग ते टिकत का नाही?”

सोनगीर बुवा मठाच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि मग मान वर केली.

“काय टिकत नाही?”

“तुमच्यापाशी बसलो की सगळं उमगतं,” नीळकंठ म्हणाला. “मन भरून येतं. आणि विहिरीवरून घागर घेऊन येईतो... काही उरत नाही. पुन्हा मी आपला होतो तसाच.”

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. पाठांतरात त्याचा हात धरणारं त्या खोऱ्यात कुणी नव्हतं. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे, आणि ही गोष्ट तो समोरच्याला चार वाक्यांच्या आत कळू देत असे. अशा माणसाच्या हातून नेमकी धरून ठेवण्याजोगी गोष्ट निसटावी, याचा त्याला राग होता.

“म्हणून उद्या निघतो मी,” तो म्हणाला. “दुसऱ्या मठात जाऊन बघतो. आनंद टिकवायची युक्ती कुणाला तरी ठाऊक असेलच.”

शिष्याने असं तोंडावर सांगितलं की गुरूने संतापायचं असतं. बुवांना असल्या रीतीभाती कधी जमल्या नाहीत.

“उद्या ना?” त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. “मग आज मोकळाच आहेस. चल, सड्यावर तळं बसलंय.”

सडा म्हणजे मठामागच्या डोंगराचा माथा, सपाट आणि नुसता कातळाचा. पावसाने झोडपून काढलं आणि मग उघडीप पडली की त्या कातळाच्या खोलगट भागात तळं दिसू लागे. खालच्या वाडीतली माणसं ‘तळं भरलं’ म्हणत नसत, ‘तळं बसलं’ म्हणत. घटकाभर ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यासारखं ते केव्हा उठून जाईल याचा नेम नसे.

नीळकंठाने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो झपाझप चढू लागला.

बुवांची चाल वेगळी होती. वाटेत ओहोळ दिसला की ते पाणी पीत. पुढचा ओहोळ दिसला की त्याचंही पीत, आणि मागच्यापेक्षा हे बरं आहे असं सांगत. एका खेकड्याशी ते इतका वेळ बोलत राहिले की नीळकंठाला परत मागे यावं लागलं.

“बुवा, अशानं तळं आटून जायचं.”

“जाईल की. त्याला कुठं आपली वाट बघायचीय.”

वरून म्हशी उतरत होत्या. त्यांच्यामागे धनगरवाड्यातली बायजाक्का होती, डोक्यावर इरलं घेतलेली.

“आक्का, तळं आहे ना गं?” बुवांनी विचारलं.

“हाय की. पर उतराय लागलंय. सकाळधरनं घसा वाजतोय.”

“घसा म्हणजे?” नीळकंठ मध्येच बोलला.

“तळ्याला भोक हाय न्हवं. कातळातनं गटागटा पितंय समदं. सांजपातूर ऱ्हातंय का न्हाई...”

“मग ते भोक कुणी बुजवत कसं नाही?”

बायजाक्काने त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग ती बुवांकडे वळली.

“ह्यो तुमचा का?”

“उद्यापर्यंत माझा,” बुवा म्हणाले.

नीळकंठ पुढचं ऐकायला थांबला नाही. उरलेला चढ तो पळतच चढला.

तळं होतं.

कमरेएवढं पाणी, आणि इतकं नितळ की तळाच्या कातळावरचे ओरखडेही दिसत होते. काठच्या भेगाभेगांतून निळी-पिवळी फुलं उगवली होती. ढग पाण्यात उतरले होते. कालपर्यंत इथे तळं नव्हतं, आणि आता बेडकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहत असल्यासारखा गोंगाट मांडला होता. नीळकंठाचा ऊर भरून आला. आपण कशाला आलो, उद्या कुठे जायचंय, सगळं तो विसरला.

तेवढ्यात त्याला आवाज ऐकू आला.

घळ्ळ... घळ्ळ...

झालं. भरून आलेला ऊर तिथल्या तिथे रिता झाला. आवाजाच्या रोखाने तो काठाकाठाने गेला, तर पश्चिमेच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या पाण्याखाली, घागरीच्या तोंडाएवढं भोक होतं. तळं त्यातून निघून चाललं होतं.

त्याने घोंगडीची घडी केली आणि भोकात कोंबली. ती सुटू लागली. वर दगड ठेवला, तो घरंगळला. शेवटी तो स्वतःच दोन्ही पाय रोवून घोंगडीवर उभा राहिला.

आवाज थांबला.

नीळकंठाला स्वतःचा अभिमान वाटला. इतकी माणसं इतकी वर्षं इथे येऊन गेली, कुणाला एवढं साधं सुचलं नव्हतं.

बुवा धापा टाकत पोचले. त्यांनी तळं बघितलं, शिष्य बघितला, आणि काही न विचारता छाटी फेडून काठावर ठेवली. मग त्या म्हाताऱ्या माणसाने लंगोटी सावरत जी उडी मारली, तिने सगळे बेडूक गप्प झाले.

“ये की,” वर येऊन ते म्हणाले.

“नाही येत.”

“गार आहे रे. मजा येतेय.”

“मी हललो तर तळं जाईल.”

बुवांनी विचार केला.

“बरोबर आहे. मग तू राखण कर. मी पोहतो.”

आणि ते खरंच पोहायला लागले. उताणे झाले. तोंडात पाणी धरून कारंजं उडवलं. कसलंसं गाणं म्हटलं, ज्याची चाल शेवटपर्यंत सापडली नाही. नीळकंठाच्या पोटऱ्यांत गोळे आले. टाचेखालून बुडबुडा निसटला की तो घाईघाईने पाय दाबून धरी. नजर पायांवरून हलवायची सोय नव्हती.

“बुवा, पाणी उतरलं का हो? तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय कळणार? मी पाण्यात आहे.”

ऊन ढगाआड गेलं, परत आलं.

“राहिलंय ना पण?” नीळकंठाने पुन्हा विचारलं. “माझ्यामुळे राहिलंय.”

“तर काय. छान राखलंस.” बुवा पोहत पोहत त्याच्याजवळ आले, हनुवटीपर्यंत पाण्यात बसले आणि त्यांनी विचारलं, “कसं आहे?”

“काय?”

“तळं.”

नीळकंठाने सांगायला तोंड उघडलं.

...

कधीचा तो त्यात उभा होता. आणि एकदा ऐकलेलं न विसरणाऱ्या त्या माणसाला सांगण्याजोगं काही सापडेना. घोंगडीचा काठ कसा आहे ते तो सांगू शकला असता. आपल्या पायांच्या नखांबद्दलही बरंच सांगू शकला असता.

बुवा उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीतून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर उकडलेल्या रताळ्यासारखं सुख होतं.

नीळकंठाने एक पाय उचलला.

मग दुसरा.

घोंगडी ओढून काढून त्याने काठावर भिरकावली. घसा दुपारभर अडवल्याचा राग काढावा तसा वाजू लागला. त्याच्याकडे पाठ करून, धोतर-बाराबंदीसकट, नीळकंठ पाण्यात पळत सुटला आणि मधोमध तोंडावर पडला.

तो वर आला तेव्हा बुवांनी त्याच्या तोंडावर ओंजळभर पाणी मारलं.

त्याने परत मारलं. गुरूच्या तोंडावर पाणी मारणं कितपत बरं, हा विचार त्याला तिसऱ्या ओंजळीनंतर आला, तोवर उशीर झाला होता. दोघे एकमेकांच्या मागे लागले. नीळकंठ हसला, हसताना पाणी प्याला, ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर पुन्हा हसला. मठात आल्यापासून तो असा हसला नव्हता. तो सुखात होता, आणि आपण सुखात आहोत हे तपासून बघायचंही त्याला सुचलं नाही.

पाणी कमरेचं मांडीवर आलं. मांडीचं गुडघ्यावर. दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

शेवटी ते कातळावर उताणे पडले होते आणि पाठीखाली चार बोटं पाणी होतं. बुवांच्या पोटावर एक बेडूक बसला होता. त्याला त्रास नको म्हणून बुवा श्वास जपून घेत होते.

मग तेवढंही पाणी गेलं. घशाने एक शेवटचा घोट घेतला आणि सड्यावर सामसूम झाली.

उन्हं कलताना दोघे उतरायला लागले. नीळकंठ पुढे, बुवा मागे. लाल मातीची वाट निसरडी होती. अर्ध्यावर आल्यावर नीळकंठाचं मन त्याच्या जुन्या वळणावर गेलं.

“बुवा...”

“हं.”

“गेलं हो.”

“काय?”

“तळं. बघता बघता गेलं. आता खाली पोचेतो ते हसू जाईल, सगळंच जाईल. माझ्याजवळ काय उरलं?” “तुम्हीच सांगा. उद्या मी निघू, का राहू?”

मागची पावलं थांबली. बुवांनी एका हाताने करवंदीची फांदी धरली, काटा बोचला म्हणून सोडली, आणि दुसरी धरली.

“नीळू, ते उद्याचं उद्या बघ. आधी जरा बाजूनं चाल,” ते म्हणाले. “मघापासून तुझ्या धोतरातून वाटभर तळं सांडतंय. मी घसरून पडेन.”