अर्ध्या खापरीचा खटला

डोंगराच्या कुशीत तांबटांचं एक गाव होतं. गोष्ट फार जुनी आहे. तिथली भांडी तेजाबानं धुऊन लखलखीत करत. वापरलेलं तेजाब मात्र जहाल विष. ते बरण्यांत भरून, गाढवांवर लादून डोंगरापलीकडच्या कातळखड्ड्यात पोचवायचं, अशी गावाची रीत.

बरणी वाटेत हरवू नये म्हणून एक झकास युक्ती निघाली. मातीची चपटी खापरी मधोमध फोडायची. अर्धी बरणीच्या गळ्यात, अर्धी मालकाच्या दारावर. खड्ड्यावरचा राखणदार गळ्यातली अर्धी परत पाठवी. दोन्ही जुळल्या की बरणी पोचली!

पुढे राजानं दवंडी पिटवली, "नवी युक्ती काढणाऱ्याला सनद मिळेल. त्याला विचारल्याशिवाय ती कुणी वापरायची नाही."

झालं! एक तांबट आणि एक कुंभारीण गावच्या चावडीवर न्यायाधीशांपुढे हजर.

"कल्पना माझी!" तांबट म्हणाला.

"आणि पहिली खापरी फोडली कुणी? मीच ना?" कुंभारीण म्हणाली.

न्यायाधीशांनी हुकूम काढला, "निकाल लागेपर्यंत खापऱ्या बंद."

सात महिने खटला चालला. बरण्या बिनखापरीच्या जाऊ लागल्या, पण या दोन शहाण्यांना त्याचं काहीच नव्हतं.

निकालाचा दिवस नेमका तांबटाच्या मुलीच्या लग्नाचा. तरी "तासाभरात आलोच" म्हणत स्वारी चावडीवर! तेवढ्यात गाढववाला धापा टाकत आला.

"महाराज, वेशीबाहेर मोजल्या तर एक बरणी कमी!"

"वाटेत कुठे थांबला होतास?" कुंभारणीनं विचारलं.

"लग्नघरापाशी. दोर तुटला म्हणून बरण्या उतरवल्या. शेजारीच मठ्ठ्याच्या बरण्या होत्या, अगदी तशाच."

तांबट ताडकन उभा राहिला.

"निकालाआधी उठून जाईल त्याचा दावा रद्द," न्यायाधीशांनी बजावलं. "कायदाच तसा आहे."

कुंभारीण पदर खोचून केव्हाच दाराबाहेर पडली होती. "अहो तांबटदादा, बघताय काय? पळा!" तांबटही धावला.

मांडवात वऱ्हाडाची पंगत बसली होती. आचारी पळी बुडवणार, एवढ्यात कुंभारीण ओरडली, "थांबा!" दोघांनी भराभर झाकणं काढली. नवव्या बरणीत हिरवट तेजाब निघालं. तांबट सगळ्यांदेखत रडला.

मागोमाग न्यायाधीश आले. "दोघांचेही दावे रद्द. सनद कुणालाच नाही."

"फार बरं झालं," तांबट डोळे पुसत म्हणाला. "आता ज्याला हवी त्यानं खापरी फोडावी."

"आणि तुम्ही जेवूनच जा, महाराज," कुंभारीण हसत म्हणाली. "मठ्ठा मी आधी चाखून देते!"

न्यायाधीश पोटभर जेवले. मठ्ठ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

तात्पर्य काय, तर ज्या युक्तीनं जीव वाचतात ती कुणाची, यावर खुशाल भांडा. पण तोवर ती बंद ठेवू नका.