पंतांचे आठ दिवे

एका दूध संघात एक हेडक्लार्क होते. त्यांचे नाव नरहरपंत बेलसरे. संघाचे अध्यक्ष पाच वर्षांनी बदलत, म्हशी त्याहून लवकर बदलत; पंत मात्र टेबलासकट जागच्या जागी होते. आपल्या हाताखालून न गेलेला कागद हा कागदच नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या धाकाने ती इतरांचीही झाली होती.

संघाचे मुख्य कार्यालय पेठेत, पशुखाद्याचे गोदाम स्टेशनाजवळ, जनावरांचा दवाखाना कोर्टामागे, आणि दूध गार करण्याचे केंद्र अकरा किलोमीटरवर माळावर. लोक फोन करत ते पेठेतल्या नंबरावर. तिथे शकूताई फोन घेत आणि ज्याचे काम असेल त्याच्याकडे जोडून देत.

एके वर्षी जुने फोन गेले आणि इंटरनेटवरचे आले. ते बसवायला तौफिक नावाचा कारागीर आला.

"पंत, इथून फोन जोडून दिला की इथली लाइन मोकळी होईल," तो म्हणाला. "पुढं ते दोघं परस्पर बोलतील. तसंच लावू ना?"

परस्पर हा शब्द पंतांना जन्मात आवडला नव्हता. "मग कोण कोणाशी बोलतंय हे आम्हाला कळायचं कसं?"

"कळून करायचंय काय? लग्न जमवणारा काय नवराबायकोच्या मधे बसून राहतो?"

"आमच्या गावात राहतो," पंत म्हणाले. "सगळे फोन इथूनच फिरतील. सोडायचे नाहीत."

तौफिकने वाद घातला नाही. 'जोडून दिलेला प्रत्येक फोन मुख्य कार्यालयातूनच फिरावा' एवढे एका कागदावर लिहून त्याने खाली पंतांची सही मागितली. पंतांनी सही केली आणि कागद आपल्याच फायलीला लावला. कागद दुसऱ्याच्या हाती राहू देण्याची त्यांना सवय नव्हती.

मग पंतांच्या टेबलावर एक पट्टी आली. तिच्यावर आठ हिरवे दिवे. कार्यालयाच्या लाइनी आठ. जी गुंतेल तिचा दिवा लागे. पंत चष्मा पुसून दिव्यांकडे पाहत बसत. देवघरातही त्यांचे एवढे लक्ष लागत नसे.

शकूताईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितले, "पंत, एक फोन दोन दिवे खातोय. माणूस आत येतो तो एक आणि दवाखान्याकडे जातो तो दुसरा. आठ दिवे म्हणजे माणसं चारच."

"शकूताई, दिवे आठ असले की आठच मोजायचे."

असे सहा महिने गेले. चैत्रात एका सकाळी अध्यक्ष शिवलिंगअप्पा कार्यालयात आले. पंतांनी त्यांना पट्टी दाखवली. "बघा अप्पा, आठच्या आठ! कारभार कसा जोरात चाललाय!"

अप्पांना कारभार कळत नसे, पण रोषणाई कळत असे. "झकास," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

नेमके त्याच वेळी माळावरच्या केंद्रात दूध गार करण्याचे यंत्र बंद पडले. तिथले प्रमुख हणमंत कोरे. सकाळच्या धारेचे कॅन भरून दोन टेम्पो वाटेवर होते. शेजारच्या तालुक्यातले केंद्र दूध घ्यायला तयार होते. टेम्पो तेवढे फाट्यावरून वळवायचे होते. पण हुकूम मुख्य कार्यालयाचा लागे. हणमंतने फोन लावला. लाइन गुंतलेली. कार्यालयात मोबाइल बंद ठेवायचे, हा नियमही पंतांचाच.

त्याने पुढच्या टेम्पोचा चालक दस्तगीर याला फोन केला.

"साहेब, वळतो की! पण पंतांचा निरोप पाहिजे," दस्तगीर म्हणाला. "मागच्या खेपेला न विचारता वळलो तर मेमो दिला. अजून खिशात आहे, वाचून दाखवू?"

टेम्पो फाट्यावर उभा राहिला. झाड नाही, सावली नाही. थोड्या वेळाने दुसरा आला, तोही मागे उभा राहिला. हणमंत फोन लावतच होता. एकविसाव्या खेपेनंतर त्याने मोटरसायकल काढली.

तो कार्यालयात शिरला तो हेल्मेटसकट.

"अहो, फोन करायचा!" पंत म्हणाले.

"एकवीस वेळा केला. तुम्ही गुंतलेले."

सगळ्यांनी पट्टीकडे पाहिले. आठ दिवे हिरवेगार.

"शकूताई, कोण कोण बोलतंय?" अप्पांनी विचारले.

"पहिल्या दोनांवर एका बाईंची म्हैस आहे, दवाखान्याशी. पुढच्या दोनांवर पेंडीची पोती. त्यापुढं कुणाच्या तरी बारशाला खवा. आणि शेवटच्या दोनांवर एकाला एसटीची वेळ विचारायचीय. तो गेले पाव तास गोदामाशी भांडतोय."

पंतांनी ड्रॉवरमधून मोबाइल काढला आणि हुकूम दिला. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. मागच्या टेम्पोतले दूध कसेबसे तगले. दस्तगीरच्या टेम्पोतले मात्र फाटले. सात गावांची सकाळची धार दुपारी ओढ्यात गेली.

संध्याकाळी अप्पांनी तौफिकला बोलावले. "काय लावलंस रे हे? उद्यापासून या संघाची पायरी चढायची नाही."

"मला सांगितलं तसं लावलं," तौफिक म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

तौफिकने पंतांकडे पाहिले. त्याच्याजवळ पुरावा काही नव्हता. कागद पंतांच्या फायलीत होता.

पंतांची नोकरी एकतीस वर्षांची होती. नको असलेल्या कागदाला कार्यालयात वाळवी कशी लागते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. त्यांनी फाइल उघडली. कागदावरच्या सहीकडे पाहिले. सही मोठी सुरेख होती.

"अप्पा," ते म्हणाले, "हा सांगत होता, मीच ऐकलं नाही. सही माझी आहे."

अप्पांनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला. पंत तौफिककडे वळले. जन्मात न आवडलेला तो शब्द त्यांनी आज स्वतःच उच्चारला.

"परस्पर करून टाक बाबा."

दस्तगीरकडून त्यांनी तो मेमोही परत मागून घेतला आणि त्याच्यादेखत फाडला.

आता पट्टीवरचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. सुरुवातीला पंतांना चैन पडेना. शकूताईंनी विचारले, "पट्टी काढून ठेवू का?"

"राहू दे," पंत म्हणाले. "दिवा विझला की समजायचं, कुणाचं तरी काम मार्गी लागलं."

तात्पर्य: मधल्या माणसाचे काम गाठ घालून देण्याचे; गाठ पडल्यावरही जो वाटेतून हलत नाही, तो कारभार सांभाळत नसतो, वाट अडवून बसलेला असतो.